सहा महिन्यांचे आई-वडील

आई-वडिलांना कायमचं अमेरिकेत न्यायचं असेल, तर मुलाला आधी अमेरिकन व्हावं लागतं. नुसत्या ग्रीन कार्डावर बायको नेता येते, पोरं नेता येतात; आई-बाप नाही. ठाण्याला कोर्ट नाक्यापाशी आमचं टायपिंगचं दुकान होतं. सासऱ्यांनी एका रेमिंग्टनवर सुरू केलं, पुढे मी चालवलं. अॅफिडेव्हिटं, भाषांतरं, नाना तऱ्हेचे फॉर्म असलं काम. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे वकील, घरमालक आणि भाडेकरूंच्या गर्दीत एक नवं गिऱ्हाईक दिसायला लागलं. कडक इस्त्रीचा शर्ट, प्लॅस्टिकची फाइल, सोबत बायको, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "मुलानं आमच्यासाठी सिटिझनशिप घेतली." कुणी ते छाती फुगवून सांगे, कुणी शेजारच्या बाकावरच्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं.

हा नियम कुणी केला आणि कुणासाठी केला, याचं मला तेव्हापासून कुतूहल होतं. दुकानाचा व्याप कमी झाल्यावर त्याच्या मागे लागले. निघालं ते असं, की आपल्या आई-वडिलांसाठी तो नियम कुणी केलाच नव्हता.

१९२४ सालच्या अमेरिकी कायद्यात नागरिकांच्या आई-वडिलांना कोट्यात अग्रक्रम दिलेला सापडतो. पण तो कोटा मुख्यतः युरोपचा. आपल्याकडच्यांना १९१७ पासूनच मज्जाव होता. त्यात १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की हिंदुस्थानातला माणूस कायद्याच्या अर्थानं 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. आणि नागरिक व्हायला जो अपात्र, त्याला १९२४ च्या कायद्यानं स्थलांतरित म्हणून येण्यालाच बंदी. मुलगाच नागरिक नाही, तिथे आई-वडिलांचा अग्रक्रम कसला?

१९४६ मध्ये लूस-सेलर कायदा झाला. भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांचा कोटा. शंभर! तेव्हाच्या हिंदुस्थानची वस्ती चाळीस कोटींच्या आसपास. १९५२ च्या कायद्यानं हा शंभराचा आकडा तसाच ठेवला आणि त्याची वाटणी केली: निम्म्या जागा कसबी लोकांना, ३० टक्के नागरिकांच्या आई-वडिलांना, उरलेल्या ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकामुलांना. म्हणजे सबंध भारतातून वर्षाला तीस आई-बाप. वर आणखी मेख अशी, की माणूस जन्मला केनियात किंवा लंडनमध्ये तरी वंशानं भारतीय असेल तर तो या शंभरातच मोजायचा. युरोपातल्या माणसाचा मात्र जन्मदेश बघायचे. हा उघड वंशभेद होता, आणि तिथल्या कायद्याच्या पुस्तकात तो १९६५ पर्यंत सुखेनैव नांदला.

३ ऑक्टोबर १९६५ ला प्रेसिडेंट जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली. देशादेशांचे जुने कोटे गेले, आणि एकवीस वर्षांवरच्या नागरिकाचे आई-वडील 'निकटचे नातलग' म्हणून मोजदादीच्या बाहेर काढले गेले. म्हणजे कितीही येवोत, रांग नाही. त्या कायद्यात एकूणच नात्याला कसबाच्या वरची जागा मिळाली. ती कुठून आली? ओहायोचे मायकेल फेगन नावाचे एक काँग्रेस सदस्य होते. मूळ मसुद्यात कसबाला पहिलं स्थान होतं. त्यांनी नात्याला वर आणायला लावलं. हिशेब असा, की अमेरिकेत आहेत बहुतेक युरोपियन, तेव्हा नात्यानं येतील तेही युरोपियनच. त्यांच्या डोळ्यांपुढे इटलीतल्या आणि पोलंडमधल्या आज्या असणार. नौवारीतल्या आजी खासच नसणार. सही करताना जॉन्सनही म्हणाले होते, की हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे. क्रांती झाली ती त्यांच्या हिशेबाबाहेर, आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनिअरांमुळे.

ते इकडून निघाले तेव्हा इकडचीही दारं नुकती किलकिली झाली होती. १९६७ पर्यंत पासपोर्ट ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी एप्रिलात आपल्या सुप्रीम कोर्टानं परदेशी जाणं हा नागरिकाचा हक्क ठरवला आणि लगोलग जूनमध्ये पासपोर्ट कायदा झाला. पण परकीय चलनाची चणचण कायम. आठ डॉलर खिशात घालून गेलेल्या मुलांच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्यात. विमानाचं तिकीट काढायचं तर रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म लागे. आई-वडील बोलवायचे तर मुलगा तिकडून डॉलरमध्ये प्रीपेड तिकीट पाठवी. चौदा मे १९६० पासून एअर इंडियाचं विमान न्यूयॉर्कला जात होतं, पण पेन्शनीतल्या शाळामास्तरानं स्वतःच्या पैशानं त्यात बसावं अशी सोय नव्हती.

हिशेब करा. १९६८ च्या जुलैत कायदा पुरता लागू झाला. तेव्हा गेलेल्या मुलाला ग्रीन कार्डानंतर पाच वर्षांनी नागरिकत्व. म्हणजे मराठी आई-वडिलांचे अर्ज धरायला सत्तरचं दशक निम्मं उलटावं लागलं. इकडे रंगभूमीवर जयवंत दळवींचं 'संध्याछाया' गाजत होतं, मुलगा अमेरिकेत आणि घरात दोघंच म्हातारे. प्रेक्षक रुमाल ओले करून घरी जात होते, आणि म्हाताऱ्यांना नेता येईल असा कायदा तिकडे होऊन काही वर्षं झालेली होती. दार उघडं असूनही फार जण त्यातून का गेले नाहीत, याचं एक कारण माझ्या टेबलावर रोज येऊन पडायचं. कागद.

मुलानं आईसाठी अर्ज करायचा तर मुलाचा जन्मदाखला लागतो, आईच्या नावासकट. वडिलांसाठी जन्मदाखला आणि शिवाय आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला. आई असणं जन्मानं सिद्ध होतं, बाप असणं मात्र लग्नाच्या कागदानं. ही अट वाचून एक निवृत्त मामलेदार भडकलेच होते. मी त्यांना म्हटलं, "अहो काका, चिडून काय होणार, दाखला काढा." तर दाखलाच नव्हता!

पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे मुलगा जन्मला आजोळी, राजापुरात नाहीतर सांगोल्यात. तिथल्या नोंदीत, गाव नमुना चौदात, 'अमक्याला मुलगा झाला' एवढंच. मुलाचं नाव नाही, कारण बारसं व्हायच्या आत कोतवालानं लिहून टाकलेलं. आईचं नाव नाही, कारण ते लिहायची पद्धत नव्हती. जिनं नऊ महिने पोटात वागवलं, ती कागदावर कुठेच नाही. आणि अर्ज नेमका तिच्यासाठी. जुनी नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणारा शोधा. नोंदच नसेल तर ग्रामपंचायतीचा 'नोंद आढळत नाही' असा दाखला, आणि जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची अॅफिडेव्हिटं. मग ऐंशीच्या पुढची कुणी मावशी रिक्षानं यायची. तिला विचारायचं, "तुम्ही तेव्हा तिथे होतात?" ती म्हणायची, "होते म्हणजे काय, पाणी मीच तापवलं होतं." ते इंग्रजीत घालायचं: उक्त मुलाच्या जन्माची मला व्यक्तिशः माहिती आहे. पाणी तापवल्याचा उल्लेख करता येत नसे, याचं मला वाईट वाटे.

लग्नाच्या दाखल्याची तऱ्हा याहून वरची. १९५३ चा लग्ननोंदणीचा मुंबई कायदा होता, १९९८ मध्ये महाराष्ट्राचा नवा झाला, पण साठीच्या पुढच्या जोडप्यांपैकी कुणी नोंदणी केलेली? लग्न झालं, पंक्ती उठल्या, संपलं. आता चाळीस वर्षांनी महापालिकेत जाऊन लग्नाची नोंद करायची. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी कधीच वारलेले. त्याबद्दल वेगळं अॅफिडेव्हिट.

एका जोडप्यानं आणलेली पत्रिका अजून डोळ्यांसमोर आहे. पिवळा पडलेला जाडसर कागद, कोपऱ्यात वाळून तांबूस झालेला कुंकवाचा ठिपका, वर श्रीगजानन प्रसन्न. तारीख नाही. शके १८८०, वैशाख शुद्ध, तिथी, गोरज मुहूर्त. शके अठराशे ऐंशी म्हणजे १९५८, एवढं तोंडी सांगता येतं. पण फॉर्मवर दिवस, महिना, वर्ष हवं. त्यासाठी दुकानात जुनी पंचांगं ठेवलेली असत. आम्ही तिथीवरून तारीख काढली. काकूंनी ती ऐकली आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे आपण इतकी वर्षं भलत्याच दिवशी वाढदिवस करतोय." पत्रिकेत वधूचं नाव कुसुम होतं. माझ्यासमोर बसलेल्या बाईंचं नाव मालती.

हे घरोघरचं. लग्नात ताम्हणात तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, साखर वाटली, माहेरची मुलगी संपली. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, पासपोर्टवर दुसऱ्याचं तिसरं स्पेलिंग. तिघी एकच आहेत असं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर शपथेनं सांगायचं. 'वन अँड द सेम पर्सन' ही ओळ मी इतकी टाइप केली आहे, की बोटं ती डोळे मिटून लिहितील.

मग मुंबई. भारतातल्या स्थलांतर व्हिसांचा मोठा भाग मुंबईच्या वकिलातीतून होतो. २०११ च्या नोव्हेंबरात ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. त्याआधी ब्रीच कँडीला, भुलाभाई देसाई रस्त्यावर लिंकन हाऊसमध्ये होती. मूळचा तो वांकानेरच्या महाराजांचा बंगला. समोरच्या फुटपाथवर पहाटेपासून रांग. मुलाखतीआधी वैद्यकीय तपासणी: छातीचा एक्स-रे, आणि १९९६ पासून लसीही. सत्तरीच्या गृहस्थांना धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन नातवासारखं लसीचं कार्ड सांभाळावं लागायचं. तपासणीचं पाकीट सीलबंद मिळे. उघडू नका, अशी तंबी.

१९९६ चं साल या इतिहासात मधोमध येतं. म्हातारा माणूस सरकारच्या गळ्यात पडेल ही धास्ती अमेरिकेला १८८२ च्या कायद्यापासूनची. मधल्या काळात मुलगा आई-बापांना पोसण्याची हमी लिहून देई, पण ती कोर्टात टिकत नसे. त्यामुळे वृद्धांना मिळणारा सरकारी मासिक भत्ता काही वर्षांनी अनेक परदेशी आई-वडील घेऊ लागले, त्यात आपलेही होते. ऑगस्ट १९९६ मध्ये क्लिंटन यांनी कल्याण योजनांच्या कायद्यावर सही केली आणि नागरिक नसलेल्यांचा हा भत्ता बंद केला. पुढच्या महिन्यात दुसरा कायदा, आणि डिसेंबर १९९७ पासून हमीपत्राला दात आले. मुलाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं, आणि आई-वडील स्वतः नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षं काम करेपर्यंत जबाबदारी मुलाच्या डोक्यावर, कायद्यानं वसूल होईल अशी. भत्ता घेणाऱ्या आधीच्या लोकांना पुढच्या वर्षी सवलत मिळाली, पण तोवर पुष्कळ आजी-आजोबा नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न पाठ करायला लागले होते.

माझं मत विचाराल तर मुलाकडून हमी घेण्यात गैर काही नाही. आपल्याकडे २००७ मध्ये आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागलाच की. खरा काच निराळा आहे. ग्रीन कार्ड घेतलं की तिकडे राहावं लागतं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर विमानतळावर प्रश्न, वर्ष ओलांडलं तर कार्डावर पाणी. पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्य विम्यात पैसे भरून शिरायलाही पाच वर्षं तिथे सलग राहिलेलं असावं लागतं. ती पाच वर्षं गुडघे, दात, डोळे यांचं काय करायचं? म्हणून कित्येकांनी उघडं दार तसंच सोडून पाहुण्याचा व्हिसा पसंत केला.

पाहुण्याला एका खेपेला साधारण सहा महिने मिळतात. हा आकडा तिकडच्या खात्यानं ठरवला, पण तो इकडच्या रीतीत असा बसला की विचारू नका. मुलीचं बाळंतपण तिकडे असलं की माहेरच विमानानं मुलीकडे जाऊ लागलं. आधी तिची आई: डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढ्याची पुडी, टाळू भरायचं तेल. तिचे सहा महिने सरत आले की सासू निघाली. दोघी विहिणींच्या तारखा जुळवून तिकिटं निघत. पाळणाघराचा खर्च वर्षभर वाचे. पहिल्या बाळंतपणाला जाताना हुरूप असतो, दुसऱ्या नातवाच्या वेळी व्हिसासाठी कागद करायला आलेल्या बायका एवढंच विचारत, "थंडीच्या आत परत येता येईल ना?" मोटार चालवता येत नाही, त्यामुळे दिवसभर घरात. मंदिर आणि महाराष्ट्र मंडळ शनिवार-रविवारी. शिकागोचं मंडळ १९६९ पासूनचं आणि बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं, पण सोमवार ते शुक्रवार कुणाचंच मंडळ नसतं.

हा व्हिसाही सहज मिळत नाही. पाहुणा म्हणून निघालेला प्रत्येक जण तिथेच राहायला निघालाय असं अमेरिकी कायद्याचं कलम २१४(ब) गृहीत धरतं. तसं नाही हे म्हाताऱ्यानं खिडकीपाशी उभं राहून पटवायचं. त्यासाठी मी सातबारे इंग्रजीत केले, पेन्शनच्या ऑर्डरी केल्या, सोसायटीची शेअर सर्टिफिकिटं आणि एफडीच्या पावत्या जोडल्या. आपण परत येऊ याचा पुरावा म्हणून दीड एकर जिरायत! गंमत अशी, की मुलानं एकदा ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला की पाहुण्याच्या व्हिसाला अडचण येते, कारण मनात राहायचं आहे हे लेखी कबूल झालं. तेव्हा घरात आधी ठरवावं लागे: राहणारे व्हायचं की येणारे-जाणारे.

आता इतर देश बघितले तर ते हा निर्णय आई-वडिलांवर सोडायला तयार नाहीत. ब्रिटनच्या जुन्या नियमांत विधवा आई, पासष्टीपुढचे विधुर वडील, किंवा दोघं मिळून येत असतील तर त्यातला एक जण पासष्टीपुढचा, यांना मुलाकडे येता येई. १९८० मध्ये त्यात एक विलक्षण अट घुसवली: काही अर्जदारांचं राहणीमान त्यांच्या स्वतःच्या देशातल्या राहणीमानापेक्षाही बरंच खालचं हवं. मुलगा पैसे पाठवत असेल तर ते खालचं राहीलच कसं, आणि पाठवत नसेल तर आई-वडील त्याच्यावर अवलंबून कसे? १९८६ मध्ये तिथल्या कोर्टानं ही अट अवाजवी म्हणून मोडीत काढली. पण ९ जुलै २०१२ पासून तीच खोच नव्या रूपात आली. आता आई इतकी परावलंबी हवी की रोजचं अंग धुणं, जेवण दुसऱ्याच्या हातानं. आणि तशी शुश्रूषा मुलाच्या पैशानंही तिच्या देशात मिळत नाही, हे सिद्ध व्हावं. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करणारा आपला डॉक्टर मुलगा पुण्यात आईसाठी बाई ठेवू शकतो, म्हणून आई त्याच्याकडे येऊ शकत नाही.

कॅनडानं नोव्हेंबर २०११ मध्ये आई-वडिलांचे कायम वास्तव्याचे नवे अर्ज घेणं थांबवलं आणि १ डिसेंबरपासून 'सुपर व्हिसा' काढला. दहा वर्षांचा व्हिसा, एका खेपेला दोन वर्षं, २०२२ पासून पाच वर्षं. अट एक लाख कॅनेडियन डॉलरच्या आरोग्य विम्याची. कायमचे अर्ज नंतर मोजक्या संख्येनं सुरू झाले, पण २०१९ च्या जानेवारीत ऑनलाइन फॉर्म उघडला आणि दहा मिनिटांच्या आत जागा भरल्या. ऑस्ट्रेलिया मुलं मोजते: निम्मी तरी तिथे हवीत, नाहीतर दुसऱ्या कुठल्याही एका देशापेक्षा जास्त तिथे हवीत. तीन मुलं, एक सिडनीला, एक न्यू जर्सीला, एक नाशिकला, तर नापास. पास झालात तर स्वस्त रांग तीस वर्षांची. लवकर हवं तर २००३ पासून माणशी जबर रक्कम भरण्याची वाट. सत्तरीच्या माणसाला तीस वर्षांची रांग सांगणं ही मला सरळ थट्टा वाटते. २०१९ मध्ये त्यांनीही तात्पुरता व्हिसा आणला, एकूण दहा वर्षांच्या वर नाही.

अमेरिकेतही २०१७ मध्ये कॉटन आणि पर्ड्यू या दोन सिनेटरांनी आई-वडिलांना 'निकटचे नातलग' या यादीतून काढून पाच-पाच वर्षांचा पाहुण्याचा व्हिसा द्यावा असं विधेयक आणलं. काम नाही, सरकारी मदत नाही, विमा मुलानं काढायचा. ते मंजूर झालं नाही. पण वारा कुठून कुठे वाहतो आहे ते दिसतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत यातल्या बहुतेक देशांनी आई-वडिलांना रहिवासी करणं आखडतं घेतलं आणि पाहुणा करणं वाढवलं. फेगनसाहेबांचा अंदाज चुकवणारा १९६५ चा नियमच आजही त्यातल्या त्यात मोकळा आहे.

तेव्हा ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांना माझं सांगणं व्हिसाचं नाही, त्याआधीचं आहे. जायचं ठरलेलं असो वा नसो, लग्नाची नोंद करून घ्या. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे का ते बघा. नसेल तर घालून घ्या. माहेरचं आणि सासरचं नाव एका अॅफिडेव्हिटवर आणा आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग त्याला जुळवा. लग्ननोंदणीला तीन साक्षीदार लागतात, आणि तुमच्या लग्नाला हजर असलेली माणसं दर वर्षी कमी होत आहेत.